झापडीआडचा खेळ

बैल आणि कावळे अजून एकमेकांशी बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. मोऱ्या बैल डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर तेलाच्या घाण्याभोवती फिरायचा. एकदा तो कावळ्यापाशी कुरकुरला, "जीव विटलाय रे नुसता!"

कावळ्याने मोहाची आंबलेली फुलं आणून दिली. "खा. कंटाळा पळून जाईल."

पळाला खरा. पण झिंगलेल्या मोऱ्याच्या लाथेने तेलाची घागर लवंडली. "मेल्या, सगळं तेल मातीत घातलंस!" तेलीणबाई ओरडल्या. सकाळी कंटाळा परत आला, येताना डोकेदुखी घेऊन.

कावळाही आला. फुलं भिंतीवर ठेवत म्हणाला, "आज जरा जास्त खा."

"गप! कुणीतरी येतंय," मोऱ्याने कान टवकारले. "एक चप्पल घासतेय. कुंभारीण असणार."

कावळ्याने वळून पाहिलं. खरंच कुंभारीण!

"तुला दिसलं कसं?"

"दिसत नाही, म्हणून तर मजा. आता तू ओळख."

कावळ्याने डोळे गच्च मिटले. पावलं वाजली. "पाटलीणबाई!"

"शेळी आहे," मोऱ्या म्हणाला.

शेळी भिंतीवरची सगळी फुलं खाऊन गेली, तरी कावळ्याने डोळे उघडले नाहीत. पुढची पावलं त्याला ओळखायची होती.