चटणीतली कच

फोटो हवे तेवढे काढा, पाव्हणं, पण त्या पाट्यावर पाय ठेवू नका. हिवराच्या झाडाखाली नुसता पडलेला दिसतो, एक कोपरा उडालाय, दुपारची बकरी येऊन त्यावर बसते. तरी हिवरमाळात शिरणारा माणूस आधी त्याला हात लावतो नि मग बिरोबाच्या देवळाकडं वळतो. या आता इकडं, ऊन डोक्यावर आलंय. माझं घर हे पहिलंच. पडवीत बसा. भाकरी टाकलीच आहे, चटणीचंही चाललंय. आवाज येतोय ना वरवंट्याचा? आमची मंडळी सकाळपासून तिसऱ्यांदा चटणी वाटतेय. का, ते मागून सांगतो.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. जेवताना 'छान झालंय' म्हणू नका. आत्ता ह्या ताई ताक पिऊन 'वा, मस्त' म्हणाल्या, तेव्हा आतला वरवंटा थांबला होता, कळलं का? आमच्याकडं पहिल्या घासाला नाव ठेवतात. मीठ कमी म्हणा, भाकरी जाड म्हणा, खरं असेल ते म्हणा. नवी सून आली, की तिच्या पहिल्या स्वयंपाकात सासऱ्यानं खोट काढायची, मगच ती घरची झाली. बाहेरचे लोक हसतात. हसू देत. ही रीत त्या पाट्यापासून पडली, असं सांगतात.

किती जुनी गोष्ट ते विचारू नका. माझ्या आज्याच्या आज्यालाही ती जुनीच होती. तेव्हा इथं भिवरा नावाची धनगरीण राहायची. नवरा गेलेला, चार मेंढरं आणि मायाप्पा नावाचा एकुलता एक पोरगा. भिवराच्या हाताला चव होती म्हणे. हुलग्याचं माडगं करावं तर तिनंच. पण तिचा पाटा ह्याच टेकडीच्या ठिसूळ दगडाचा. त्यावर कारळ्याची चटणी वाटली, की कच यायचीच, दगडाची बारीक कणी दाताखाली. मायाप्पा पहिला घास तोंडात घालायचा नि ओरडायचा, "आये, कच!" ही म्हणायची, "दात हायेत का लोण्याचं?" रोजचं होतं हे. भांडण कसलं, माय-लेकरांचं बोलणं होतं ते.

एक दिवस मात्र घडी वाईट होती. मेंढरांत रोग शिरला होता, भिवरा दिवसभर उन्हात वणवण करून आलेली. पोरानं ताट पुढं सारलं, "ह्यो पाटा फेकून दे गावाभाईर," म्हणाला. भिवराचं डोकं फिरलं. "जा की मग, जिथं बिनकचीचं मिळंल तिथं जेव जा!" म्हणाली. आईच्या तोंडातनं असलं शंभरदा निघतं नि पोरं ऐकत नाहीत. नेमकं त्या दिवशी पोरानं ऐकलं. माळावर लमाणांचा तांडा उतरला होता, त्याच्याबरोबर गेला तो गेलाच.

भिवरानं मग तो पाटा उचलून भिंतीला लावला, तोंड भिंतीकडं करून. बिरोबापुढं शपथ घेतली, "माझा मायाप्पा ह्या घरात ताटावर बसल्याबिगर ह्या पाट्यावर वरवंटा फिरवणार न्हाई. फिरवला, तर माझं पोर मला दिसायचं न्हाई." अहो, शपथ घेताना माणूस कुठं विचार करतं? त्या दिवसापासून बाईचा पाय घरात ठरेना. भाकरी थापता थापता उठायची, वाटेवर जाऊन बघायची, तव्यावरची करपून जायची. मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरायची, तिला भान नसायचं. लोक म्हणायचे, भिवराच्या पायाला भिंगरी बांधलीय.

वर्षं गेली. मधे एक भामटा येऊन गेला. "मी मायाप्पा," म्हणाला. गावातल्या समद्या गोष्टी त्याला पाठ. तिच्या घरचं खाऊन खाऊन गलेलठ्ठ झाला, पण कधी कुरकुरला नाही, म्हणून तिनं भिंतीचा पाटा काही हलवला नाही, नि एका सकाळी मेंढरं घेऊन पसार. तेव्हा गाव शहाणं झालं. बाजारात कान उघडा ठेवला की कुणाच्याही घरच्या गोष्टी गोळा करता येतात, हे कळलं.

आणि मग खरा आला.

खरा होता, हे मी तुम्हाला सांगतोय. त्यांना काय ठाऊक? गेला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आला तो बाप्या माणूस. देवी येऊन गेल्या होत्या, तोंडाची पार चाळण झालेली. लहानपणीच्या खुणा राहिल्या नव्हत्या, आवाजही घोगरा. म्हणाला, "आये, मी मायाप्पा." त्यानं पांढऱ्या कानाच्या मेंढीची आठवण सांगितली. लोक म्हणाले, "मागच्यानंबी सांगितली हुती." त्यानं ताट सारल्याची गोष्ट सांगितली. लोक म्हणाले, "ती तर अख्ख्या माळाला ठावं हाय."

भिवरा चुलीकडं वळली. पान वाढलं. तिच्या मनात एकच, हा जेवताना कुरकुरला तर माझा.

आता घोळ बघा कसा. परमुलखात देवी आल्या, तेव्हा तांड्यानं त्याला झाडाखाली टाकून दिलं होतं. तिथं तापात पडल्या पडल्या त्यानंही शपथ घेतली होती. आईच्या हातचा घास एकदा मिळू दे बिरोबा, जन्मात तिच्या अन्नाला नावं ठेवणार नाही. झालं? आई तक्रारीची वाट बघतेय नि पोरगा तोंडाला कुलूप लावून बसलाय!

भिवरानं माडग्यात मीठच घातलं नाही. तो म्हणाला, "झकास झालंय, आये." दुसऱ्या दिवशी आमटीत मूठभर मीठ टाकलं. डोळ्यांतनं पाणी आलं गड्याच्या, पण वाटी चाटूनपुसून खाल्ली. तिनं भाकरी मुद्दाम काळी कोळसा केली. "अशीच आवडती मला," म्हणाला. प्रत्येक 'झकास'नं त्या माउलीचा जीव अर्धा होत होता. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. कधी वाटायचं, आपलाच आहे, कवटाळावं. लगेच वाटायचं, आपला असता तर एव्हाना ताट भिरकावलं असतं. करायची नव्हती ती फक्त चटणी, कारण पाटा शपथेत अडकलेला.

शेवटी देवळापुढं पंच बसले. जुनी ठेच होती, पुन्हा भामटा नको. त्यांनी विचारलं, "भिवरा, ह्यो तुजा हाय का न्हाई?" तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "माझा मायाप्पा असा जेवत नव्हता."

त्यानं मान खाली घातली. हुज्जत घातली नाही. आईनंच नाही म्हटल्यावर कुणाशी भांडायचं? घोंगडं खांद्यावर टाकलं. भिवरा म्हणाली, "थांब. वाटंला भाकरी घिऊन जा."

भाकऱ्या झाल्या. पण घरात कालवण नाही, दूध नाही, कांद्याची पातसुद्धा नाही. कोरडी भाकरी बांधायला तिचा हात धजेना. भिंतीला पाटा उभा होता. शपथ मोडली तर आपलं पोर कायमचं गेलं, हे तिला पक्कं ठाऊक. पण ती म्हणाली, "कुणाच्या तरी आईचं लेकरू हाय हे. कोरडं कसं धाडू?" पाटा आडवा घातला, कारळं भाजलं, लसूण-मिरची घेतली आणि चटणी वाटली. परक्या माणसासाठी बाईनं आपल्या पोरावर पाणी सोडलं. शिदोरी त्याच्या हातात दिली नि आत वळली.

तो गेला. मग मात्र तिला घर खायला उठलं. समोर तो पाटा, त्यावर चटणीचा ओला डाग. तिला तो बघवेना. ह्यानंच माझं पोर नेलं, ह्याला शिवेबाहेर टाकते, म्हणून धोंडा डोक्यावर घेतला नि तरातरा निघाली.

हा जो हिवर बघितलात, त्याच्याखाली तो बसला होता. पाठ गावाकडं. भूक कुणाला सुटलीय? पुढच्या वाटेला पोटात काही असावं म्हणून फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात घातला. करकन् दाताखाली आलं. आणि शपथ कुठली नि काय कुठलं! जवळ कुणी नाही असं समजून तो लहानपणीसारखा कावला. "आये, किती डाव सांगितलं तुला, चटणीत कच हाय! फेकून दे की गं त्यो पाटा गावाभाईर!"

मागनं आवाज आला, "आणलाय की फेकायला, मुडद्या! ऊठ, उतरव डोईवरनं!"

तो वळला. आई उभी, डोक्यावर पाटा, डोळ्यांना धारा. दोघांनी मिळून तो खाली उतरवला, पण लक्ष एकमेकांच्या तोंडाकडं, सुटला नि कोपरा उडाला. पाटा तिथंच राहिला. पुन्हा कुणी हलवला नाही. तिची शपथ घरात मोडली, त्याची त्या झाडाखाली मोडली आणि बिरोबा काही बोलला नाही. देवालाही कळतं, कुठली शपथ मनावर घ्यायची नि कुठली नाही.

मग तिनं त्याला घरी नेलं, ताटावर बसवलं आणि म्हणाली, "आता बोल, त्या दिवसाच्या आमटीत काय हुतं?" तो म्हणाला, "नुसतं मिठागर हुतं!" अख्खं गाव दारात जमलं होतं, ते हसलंही नि रडलंही. परका असतो तो गोड बोलतो, घरचा असतो तो नाव ठेवतो, हे तेव्हापासून आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

आता आमच्या मंडळीचं सांगतो. आमचा सुखदेव कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात आहे. पोरगा लांब गेला, पण फोनवर दर खेपेला भांडायचा, "आई, तुझ्या चटणीत कच किती गं!" ही दिवसभर खूश. औंदा हिचा खांदा दुखत होता, म्हणून मिक्सरवर वाटून धाडली. काल फोन आला. "चटणी मिळाली. छान आहे, आई," म्हणाला. बस, एवढंच. तेव्हापासनं जेवली नाही. हे मिक्सरनं केलं का पोरगाच परका झाला, तिला कळेना. मलाही कळत नाही, खरं सांगतो. गावातला एक जण आज तिकडं निघालाय, त्याच्याबरोबर द्यायची म्हणून सकाळपासनं पाट्यावर बसलीय. दोनदा वाटलेली तिनं बाजूला ठेवली. कच लागत नाही म्हणते.

आजही हिवरमाळातनं कुणी परगावी निघालं, की त्याच्या शिदोरीत ह्या टेकडीच्या पाट्यावरची चटणी असते, आणि मागं राहिलेलं माणूस त्या एका कुरकुरीची वाट बघत असतं.

घ्या, ताटं आली. पहिला घास चटणीचा घ्या, ही तिसऱ्या खेपेची आहे. ती बघा, दारात येऊन उभी राहिलीय, पदराला हात पुसत. आली का दाताखाली? आली ना? मग गप्प का, पाव्हणं? बोला की! मोठ्यानं बोला, तिला ऐकू गेलं पाहिजे.