कारभाऱ्याच्या मापाची टोपी

फार जुनी गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याशी राजाचं एक अन्नछत्र होतं आणि त्या अन्नछत्रावर एक कारभारी होता. अन्नछत्र चांगलं होतं.

घाट उतरून दमलेले वाटसरू तिथे पंगतीला बसत. भात, आमटी, सणावाराला खीर, कुणालाही पोटभर मिळे. रांधायला गावातल्याच बायका होत्या. त्यांतल्या थोरलीला सगळे आक्का म्हणत. सर्वांत धाकटी होती नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून. तिची वेणी गुडघ्यापर्यंत पोचायची.

कारभाऱ्याच्या डोक्यावर मात्र एक केस नव्हता. सगळे जणू मिशांत उतरले होते. मेंदी लावून तांबूस केलेल्या त्या मिशांवर त्याचा भारी जीव. पंगत बसण्याआधी तो प्रत्येक पातेल्यावर वाकून चव बघायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि काहीतरी खोड काढून पुढच्या पातेल्याकडे जायचा.

एके दिवशी एका वाटसरूच्या भातात केस निघाला. कारभाऱ्याने तो हिसकावून चुलीत टाकला. लांब होता की आखूड, काळा होता की कसा, कुणी पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं कशाला? स्वयंपाकघरात बायका असल्या की गुन्हेगार आधीच सापडलेला असतो!

"उद्यापासून प्रत्येकीच्या डोक्यावर टोपी!" कारभारी ओरडला आणि त्याने शिंप्याला बोलावून घेतलं.

शिंपी म्हणाला, "कारभारी, आधी बायकांची मापं घेतो."

"मापं कसली घेत बसतोस? डोकं ते डोकं! हे घे माझं, आणि शिव सगळ्या एकसारख्या."

शिंप्याने त्या गुळगुळीत डोक्याभोवती दोरा फिरवला. हे चुकतंय हे त्याला चांगलं कळत होतं. तरी तो गप्प बसला, आणि त्याचा मला आजही राग येतो.

टोप्या आल्या. जाड मांजरपाटाच्या, घट्ट, आणि बंद इतके आखूड की हनुवटीखाली पोचेनात. अंबाड्यावर टोपी ठेवली की ती लोटीवरच्या झाकणीसारखी वर राही. अंबाडा सोडून केस आत कोंबले तर बटा चहूकडून बाहेर येत. वर चुलीची धग, कपाळावरून घामाच्या धारा. ढवळायला वाकताना एकीची टोपी सरळ आमटीत पडली.

"एवढीशी टोपी घालायची अक्कल नाही!" कारभारी कडाडला. "माझ्या डोक्यावर बघा कशी बसते!"

बसणारच! त्याच्याच मापाची होती ती.

आक्का म्हणाली, "कारभारी, टोपी लहान आहे. आमचे केस मावत नाहीत हीत."

"मग केस कमी करा," तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने राजाच्या नावाने गावात दवंडी पिटवली, की यापुढे अन्नात ज्याचा केस सापडेल, त्याला भर चौकात बसवून भादरलं जाईल.

बायका रडायला लागल्या. धाकटी तर वेणी पोटाशी धरून कोपऱ्यात बसली. लग्न होऊन आलेल्या पोरीला गावासमोर बोडकी करायची, हे ज्याच्या मनात येतं त्याला काय म्हणावं? आक्का रडली नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तिने घरून आपलं जुनेर लुगडं आणलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मग एकेकीला समोर बसवून दोऱ्याने मापं घेतली. कपाळापासून मानेपर्यंत एक, पण अंबाड्यावरून. डोक्याभोवती एक. त्या मापाने कापड गोल कापलं, कडेला नेफा दुमडून शिवला, त्यात नाडी ओवली आणि तिची दोन्ही टोकं मानेकडून बाहेर काढली. कपाळावर घाम टिपायला दुहेरी पट्टी लावली. प्रत्येक टाका घालताना ती कारभाऱ्याला एक शिवी देत होती. टाके बारीक होते, त्यामुळे शिव्या पुष्कळ झाल्या.

"आता बांधायची कशी ते बघा," ती म्हणाली. "अंबाडा पुरा आत घ्यायचा. नाडी ओढली की चुण्या पडतात आणि टोपी मानेला धरते. मग टोकं डोक्याभोवती फिरवून कानावर गाठ मारायची. पण सुरगाठ हं! आपण जाळाजवळ उभ्या असतो. पेट घेतलाच, तर एका हिसड्यात सुटली पाहिजे."

टोप्या बसल्या. एकीचीही बट बाहेर दिसेना. पोरी हसायला लागल्या, धाकटीसुद्धा.

कारभाऱ्याला ते हसणं झोंबलं.

पुढच्या सणाला खीर केली होती. धाकटीने पातेलं उतरवलं, कारभारी वाकला, चव घेतली, मिशीला पीळ दिला. पंगत बसली आणि एका म्हाताऱ्या वाटसरूने वाटीतून केस उचलून वर धरला.

"सापडली!" कारभाऱ्याने धाकटीचा दंड पकडला. "बोलवा न्हाव्याला!"

न्हावी आला. त्याचा वस्तरा बघून धाकटीने डोळे घट्ट मिटले. मग आक्का पळी हातात घेऊन मध्ये उभी राहिली.

"तिचा हात सोडा आधी," ती म्हणाली. "आणि बाबा, तो केस चुलीत जाऊ देऊ नका. सगळ्यांना दाखवा."

म्हाताऱ्याने केस उजेडात धरला. बोटभरसुद्धा लांब नव्हता. जाड, राठ, मुळाशी पांढरा आणि पुढे मेंदीने तांबूस.

पंगतीतला एकेक माणूस कारभाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. कारभाऱ्याचा हात आपोआप मिशीवर गेला.

"दवंडी तुमचीच होती, कारभारी," आक्का म्हणाली. तिचा आवाज रागाने कापत होता. "ज्याचा केस, त्याला भादरा. पहिला केस कुणाचा होता हो? तुम्ही बघूच दिला नाहीत! तुमच्या मिशा मोकळ्या सोडलेल्या, आणि डोकी बांधायची आमची?"

"भादरा! भादरा!" पंगत ओरडली. न्हाव्याने वस्तरा उघडला.

आक्काच्या मनात आलं, करू द्यावं. तिला ते मनापासून हवं होतं. पण तिने धाकटीकडे पाहिलं. पोर अजून डोळे मिटून उभी होती.

"नको," आक्का म्हणाली. "मिशा पुन्हा उगवतील आणि पुन्हा खिरीत उतरतील. शिवाय या छपराखाली तो वस्तरा मला कुणावरच चालायला नको. बसा, कारभारी. हलू नका."

तिने कनवटीचा दोरा काढला आणि भर पंगतीत त्याच्या मिशांचं माप घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक, नाकाखालून कानापर्यंत एक. अगदी सावकाश. मग उरलेल्या जुनेराची लहानशी पिशवी शिवली, नेफा केला, नाडी ओवली, मिशा आत घातल्या आणि बंद त्या गुळगुळीत डोक्यामागे नेऊन बांधले. मिशांची ही टोपी अशी चपखल बसली, की पंगतीत बसलेल्या शिंप्याने मान खाली घातली.

कारभाऱ्याने गाठ चाचपली. ती सुटेना.

"ती निरगाठ आहे," आक्का म्हणाली. "जेवायच्या वेळी सांगा, सोडून देऊ. आणि माझा राग गेला असं समजू नका. तो अजून आहे तसाच आहे."

मग ती धाकटीकडे वळली, तिची टोपी सारखी केली आणि म्हणाली, "चल, खीर वाढ. लोक थांबलेत."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: टोपी ज्याच्या डोक्यावर चढवायची, माप त्याच्याच डोक्याचं घ्यावं. आणि दुसऱ्यासाठी नियम काढणाऱ्याने आधी स्वतःच्या मिशा बांधाव्यात.