वाइरेआचा पहिला घास

पॅसिफिकमधल्या बेटांच्या माळेतून शिडाच्या होडीने भटकणारे लोक मोतुरावा बेटाला पोचले, की प्रवाळाच्या कड्याआड त्यांना निवळशंख तळं दिसतं. फक्त पूर्वेचा कोपरा काळा आहे. वारा फिरला, की तिथून सडक्या आतड्यांचा वास येतो. नांगर पडताच बेटावरची एक बाई केळीच्या पानावर कच्च्या शिंपल्याचं मांस घेऊन येते. पहिला घास ती खाते, दुसरा पाहुण्याने खायचा. नाक मुरडणाऱ्यांना म्हातारे तेइवा आजोबा वाळूत बसवून घेतात. "आधी ऐका, मग ओका," म्हणतात, आणि ही हकिगत सांगतात.

फार पूर्वी उत्तरेचा सरदार रुआहेके मोठ्या शिडांचा ताफा घेऊन बेटाबेटांतून मजेत हिंडत इथे आला, म्हणे. इथली रीत अशी होती, की पाहुण्याला 'जा' म्हणायचं नाही. आणि सरदाराचं उष्टं पवित्र. साध्या माणसाने त्याला हात लावला तर तो मरतो. रुआहेकेला हे पक्कं ठाऊक होतं. तो घास अर्धा चघळून तळ्यात थुंकायचा. डुकरांची आतडी, कासवांची कवचं, माशांची डोकी, सगळं त्याच पाण्यात. उचलणार कोण? पाण्यावर पिवळी साय धरली. माश्या इतक्या, की बोलायला तोंड उघडलं तरी आत शिरत.

वाइरेआ ही शिंपले वेचून पोट भरणारी विधवा. तळ्यातलेच शिंपले खाऊन तिची लेक मोएआ हिरवं ओकू लागली. वाइरेआ धावत चुलत्याकडे गेली. बेटाचा मुखिया तोच.

"काका, त्यांना घालवा."

"पाहुणे आहेत, पोरी."

"पाहुणे कसले? गोचिडं आहेत ती!"

"हळू बोल. जातील आपणहून."

"त्याआधी माझी मोएआ जाईल!"

काकांनी मान खाली घातली. त्या मानेचीही तिला किळस आली. पण परतताना तिला आणखी एक रीत आठवली. पानावरचा पहिला घास यजमानाने खायचा, दुसरा पाहुण्याने. जो पान नाकारतो, तो पाहुणा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सरदाराच्या भर पंगतीत ती पूर्वेच्या कोपऱ्यात उतरली. बुळबुळीत घाणीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. बायका किंचाळल्या. सरदाराने उष्टं करून टाकलेलं माशाचं डोकं तिने पानावर ठेवलं आणि त्याच्यासमोर आणलं. डोळ्यांच्या खोबणीत अळ्या वळवळत होत्या.

"हे काय आणलंस गं?" रुआहेके हसला.

"तुमचंच आहे, मालक. आमच्या तळ्यात आता हेच पिकतं."

तिने लचका तोडला. मांस जिभेवर पिठासारखं विरघळलं, त्यातलं काहीतरी हललं. तिने मोएआचा सुकलेला चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि गिळलं. मग पान पुढे सरकवलं. "घ्या. दुसरा घास तुमचा."

रुआहेकेने पान तोंडाजवळ नेलं मात्र, आणि आपल्याच पिसांच्या झग्यावर तो भडाभडा ओकला. पान वाळूत पडलं. मग काका उठले. "पाहुण्याने पान नाकारलं," ते म्हणाले. "शिडं चढवा."

ताफा कड्याबाहेर पडला, तोवर वाइरेआ गेली होती. पवित्र उष्ट्याने तिचा बळी घेतला असं लोक मानतात. तेइवा आजोबा मात्र वाळूत थुंकून म्हणतात, "कसलं पवित्र! सडक्या माशाने मेली बिचारी."

भरती-ओहोटीने तळं धुऊन निघालं. तो एक कोपरा तेवढा राहिला. मोएआ जगली.

आजही पान घेऊन येणारी बाई मोएआच्याच वंशातली असते, असं सांगतात. पाहुणे शिंपला कसाबसा गिळतात, हसतात, फोटो काढतात आणि चार दिवसांनी शीड उभारून पुढच्या बेटाकडे निघून जातात. त्यांच्या होडीतून या पाण्यात जे काही सांडलं असेल, ते शिंपल्यांत उतरतं. पुढची होडी आली, की त्याचा पहिला घास त्या बाईलाच घ्यावा लागतो.