परत न आलेलं परमिट

"मग तो माणूस मेला कधी, नाना?"

"मेला, असं कुनी सांगितलं तुमास्नी?"

"सांगायला कशाला हवं? एकोणीस वर्षं झाली. मी सकाळी 'मयत' लिहून टाकलं. कारण दिल्याशिवाय परमिट मिटत नाही."

कोंडीनाना चालता चालता थांबले.

"परमिट मिटवलं?"

"एकट्या हैबती डांग्याचं नाही. जिल्ह्यातली दोनशे बारा जुनी परमिटं नुसती लोंबकळत होती. चहा गार व्हायच्या आत सगळी साफ केली."

"मानसं मोजली?"

"कुठली माणसं?"

नाना पुन्हा चढण चढू लागले.

पराग टिळेकर वीज कंपनीच्या मुख्य कार्यालयातला इंजिनिअर. जिल्ह्यातला एकूण एक खांब, तार आणि स्विच नव्या संगणकी नकाशात उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. कोंडीनाना शेडगे चाळीस वर्षं लाइनमन म्हणून राबून घरी बसलेले. या डोंगरातली लाइन त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून वरच्या साहेबांनी परागला त्यांच्याकडे धाडलं होतं. जा, चार गोष्टी शिकून घे, म्हणाले होते.

पराग आला, पण शिकायला काही उरलंय असं त्याला स्वतःला वाटत नव्हतं. आजवर उंटावरून शेळ्या हाकून त्याचं झकास चाललं होतं. अकरा दिवस तो म्हाताऱ्यामागे डोंगर तुडवत होता आणि अकरा दिवसांत म्हाताऱ्याने एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

आज शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला नकाशा सुरू व्हायचा होता आणि तोवर सगळ्या रेषा हिरव्या करून देतो, असा शब्द परागने दिला होता. एकच रेषा लाल उरली होती. डोंगरमाथ्याच्या कातळावर, सड्यावर जाणारी ही बंद लाइन. तिच्या शेवटच्या खांबाचा नंबर कुठल्याच कागदावर नव्हता.

"नाना, तुम्ही होतात ना त्या दिवशी?"

"व्हतो."

"काय झालं होतं?"

"तार तुटली व्हती. हैबतीनं परमिट घेतलं. घाटाखालच्या स्विचला आपलं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. आमी तिघं त्येच्या हाताखाली..."

"मग?"

"काम झाल्यावर आदी आमास्नी उतरवलं. शेवटच्या खांबावर त्यो एकटा ऱ्हायला. मग धुकं आलं."

पुढचं परागने कार्यालयात ऐकलं होतं. आठ दिवस शोधाशोध झाली. ना माणूस मिळाला, ना त्याची चप्पल.

लाइनमनांचा एक कायदा आहे आणि तो कुणी मोडत नाही. तारेला हात लावायचा तर आधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचं. काम संपलं की माणसं मोजायची, आणि सगळी खाली उतरली अशी सही करून परमिट परत द्यायचं. ज्याने घेतलं त्यानेच. ते परत येत नाही तोवर लाइन चालू होत नाही. हैबतीचं परत आलं नाही. सड्यापलीकडच्या वाडीला पुढे दुसऱ्या अंगाने वीज आली आणि ही लाइन तशीच बंद राहिली.

परागला हा सगळा पोरखेळ वाटत होता.

चढण संपली. काळ्या कातळाचा सडा लांबवर पसरला होता. दुपारचे बारा वाजत आले होते. वारा नव्हता. खांब एकामागे एक उभे होते आणि त्यांची सावली पायाशी गोळा झाली होती.

काहीतरी खटकत होतं. काय ते परागला चार खांब मागे टाकल्यावर कळलं.

बंद लाइनची तार आठवडाभर टिकत नाही. चोर सोडत नाहीत. इथली तार एकोणीस वर्षं जागची हलली नव्हती. भोवती करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या, पण एकाही खांबावर वेल चढलेला नव्हता. प्रत्येक खांबाभोवती हातभर जागा कोयत्याने साफ केलेली दिसत होती. कापलेल्या फांद्यांचा चीक अजून ओला होता.

"नाना, इथं साफसफाई कोण करतं?"

"आमच्यातलं कोन येत न्हाई हिकडं."

"मग?"

नानांनी खांद्यावरची साखळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. चढायच्या आधी तारेला अडकवून तिचं दुसरं टोक जमिनीत देतात, ती साखळी. चुकून वीज आलीच, तर माणसाऐवजी जमिनीत जाते.

शेवटचा खांब आला. नंबराची पाटी होती, पण पार वर, आडव्या पट्टीला ठोकलेली. खालून नुसता गंज दिसत होता.

"ह्यो तुमचा नंबर," नाना म्हणाले. "माजे गुडघे गेले आता."

"मी चढतो. सुट्टीच्या दिवशी कडे चढतो मी, नाना. हा काय खांब."

नानांनी कमरेचा पट्टा दिला. साखळी सोडायला हात घातला.

"राहू दे हो. मेलेल्या लाइनला साखळी कशाला?"

नानांचा हात थांबला.

"लाइन बंद हाय?"

"एकोणीस वर्षं बंद आहे. तुम्हीच सांगितलं."

"कुनाच्या शब्दावर बंद हाय?"

असल्या प्रश्नांना परागकडे वेळ नव्हता. त्याने खुंटीवर पाय ठेवला. नानांनी साखळी परत खांद्यावर टाकली, आणि तो वर जाईस्तोवर त्याच्यावरची नजर काढली नाही.

वर पोचून त्याने पट्टा खांबाला अडकवला. तोल सावरायला डाव्या हाताने तार धरली, उजव्या हाताने पाटीवरचा गंज पुसला. त्रेचाळीस. एवढ्यासाठी सारा खटाटोप. त्याला हसू आलं.

खिशातला फोन वाजला. खाली सड्यावर रेंज नव्हती, वर होती.

"साहेब, जंगम बोलतोय. लाइनमन. घाटाखालच्या स्विचपाशी हाय."

"बोल."

"सकाळी हुकूम आला न्हवं? परमिट मिटलंय, लाइन चालू करा म्हनून. तवा आलोय आमी दोघं. पर स्विचला जुनं कुलूप हाय आन् किल्ली कुनाकडंच न्हाई. म्हनलं तोडावं, तर..."

परागच्या डाव्या हातात तार होती.

परमिट मिटलं की लाइन चालू करायचा हुकूम आपोआप सुटावा, मधे माणसाचा उशीर नको, ही सोय त्यानेच नव्या यंत्रणेत बसवली होती. त्याबद्दल त्याची पाठही थोपटली गेली होती. सकाळी दोनशे बारा हुकूम सुटले होते आणि त्यातला एक आत्ता त्याच्या मुठीत होता. तो इथे वर आहे असं जगातल्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तार सोडावी, एवढंही त्याला सुचेना.

"तोडू नकोस," तो म्हणाला.

"आमी कुटं तोडतोय, साहेब. त्यो तोडू दील तवा न्हवं."

"कोण?"

"हितं एक गडी हुबा हाय. कुलपाला हात लावू दीना. तुमीच बसवलाय न्हवं त्येला?"

"मी... नाही. कोण आहे? नाव विचार."

"इचारलं. सांगंना. आपल्यातलाच दिसतोय, पर वळकीचा न्हाई. खाकी कापडं हायत अंगावर."

लाइनमनांची खाकी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

"काय म्हणतोय तो?"

जंगमने फोन तोंडापासून लांब धरला असावा. कुणाला तरी काही विचारल्याचं ऐकू आलं.

"एकच म्हनतोय, साहेब. माजं एक मानूस वर हाय म्हनतोय."

रेंज गेली.

परागने खाली पाहिलं. नाना खांबापाशी एकटेच उभे होते. सगळा सडा रिकामा होता. आयुष्यात प्रथमच त्याला आपल्या जिवाची भीती वाटली, आणि त्या भीतीहून मोठं दुसरं काहीतरी वाटलं, ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. डाव्या हाताची बोटं त्याने एकेक करून तारेवरून सोडवली.

"नाना..."

"बोला."

"खाली लोक आलेत लाइन चालू करायला. मीच... माझ्यामुळे आलेत. पण तिथे स्विचपाशी कोणीतरी उभा आहे. खाकीतला. कुलपाला हात लावू देत नाही." त्याला दम लागला. "मला लवकर खाली घ्या, नाना."

नानांनी टोपी काढली. घाटाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मग मान वर केली.

"त्यो हाय न्हवं तितं? मग घाई कशाला करतोस, लेकरा. सावकाश उतर."