चुंबळ

त्या राज्यात विस्तव एकाच ठिकाणी होता, मुदपाकखान्यात. बाकीचं राज्य गार खात होतं.

मुदपाकखान्यात तांब्यापितळेची भांडी राहत. आजा तिथंच चुलीवर चढलेला, बापही तिथंच. त्यामुळे कुठं बसायचं, कधी उतरायचं, झाकण कुणाकडून मागायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आयतं मिळालेलं ज्याला त्याला स्वतःची अक्कल वाटतं, तसं त्यांनाही वाटे. रिवाज असा होता, की जे भांडं एक उन्हाळा तिथं टिकेल आणि शिजवून दाखवेल, त्याला उन्हाळ्याच्या शेवटी घरी विस्तव न्यायला मिळे. सात पिढ्या तो विस्तव या फळीवरून त्या फळीवर गेला. दाराबाहेर गेला नाही.

मग एकदा शेजारच्या राज्याचे पाहुणे जेवायला आले आणि हात पुसता पुसता म्हणाले, "जेवण झकास. पण तुमची सगळी भांडी एकाच रंगाची कशी?" एवढंच. आठ दिवसांत दवंडी पिटली: ज्यांच्या घरात आजवर कुणी चुलीवर चढलेलं नाही, त्यांनी यावं. दार उघडं आहे.

वर टेकाडावर, तांबड्या मातीत, मडक्यांची वस्ती होती. तिथं प्रत्येक घरात चूल होती, रोज सारवलेली, आणि एकदाही न पेटलेली. वस्तीत भाजलेली मडकी फार थोडी. एका साली डोंगरावरचा वणवा कुंपणापर्यंत आला होता, त्यात जी भाजली ती भाजली. बाकीची उन्हात वाळत आणि पावसात परत चिखल होत. त्या वणव्यात भाजलेल्या एका मडकीची सहा कच्ची भावंडं अशीच अंगणात वाळत होती. पावसाआधी विस्तव आला तर ती भाजून निघणार होती. नाही आला तर नाही.

म्हणून मडकी एकटीच निघाली. तिचा बाप रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. वेशीपर्यंत पोचवायला जाणंही त्याच्या नशिबी नव्हतं. जागेवरूनच म्हणाला, "जा बाये. पर एक ध्यानात ठेव. आपल्याला बूड न्हाई. तीन दगडांत बसशील, पर खाली उतरवली की लवंडशील. गेल्या गेल्या टेकायला गोल वेढ्याची चुंबळ माग. चिंध्यांची असू दे, गवताची असू दे. लाजू नको."

मुदपाकखान्याच्या दारात पळी नावं लिहून घेत होती.

"बूड किती बोटं रुंद?"

"बूड नाही, बाई."

"नाही असं लिहायला इथं रकाना नाही. चार बोटं लिहिते."

मडकीच्या मागं बांबूची दुरडी उभी होती आणि तिच्या मागं भोपळ्याचा तुंबा. त्यांचीही बुडं चार चार बोटं लिहिली गेली.

आत घंगाळ स्वागताला उभं होतं. मोठं, जुनं, तांब्याचं, आणि मनानं खरोखर चांगलं. नव्यांसाठी उघडलेलं मदतखातं त्याच्याकडे होतं. ते म्हणालं, "लेकरांनो, इथं भेदभाव नाही. तुम्ही सगळी बाहेरची, म्हणून सगळ्यांना एकच मदत. पंधरवड्यानं भट्टी लागेल आणि प्रत्येकाला आतून कथलाची कल्हई होईल. मलाही दर साली लागते, त्यात लाज कसली?"

मडकी म्हणाली, "मला फक्त एक चुंबळ हवी होती."

तुंबा म्हणाला, "मला एक खुंटी. आम्ही टांगून राहणारे."

दुरडी म्हणाली, "मला शेणाचा एक हात फिरवा. मग माझ्यातून दाणा गळत नाही."

फळीवरचे पितळी गडवे खिदळले. "शेण! मुदपाकखान्यात शेण!" एकजण मडकीला म्हणाला, "अगं, जिला धड बसता येत नाही, ती शिजवणार काय?"

घंगाळानं त्यांना दटावलं. मग नव्यांकडे वळून मायेनं म्हणालं, "तुम्ही मागत जाऊ नका. तुम्हाला काय लागतं ते आम्हाला कळतं."

पहिल्या दिवशी मडकीनं कण्या शिजवल्या. तीन दगडांत ती अशी बसली, की जणू चूल तिच्यासाठीच मांडली होती. शिजलेल्या कण्यांना जो वास सुटला तो तांब्यापितळेत कधी सुटला नव्हता. गडवेसुद्धा फळीवरून वाकून वास घेऊ लागले. मग तिला उतरवून फरशीवर ठेवली. ती लवंडली आणि कण्या सांडल्या. दुसऱ्या दिवशी तेच. पळीनं दोन्ही दिवशी लिहिलं: शिजवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुरडी तिच्याशेजारी येऊन म्हणाली, "ए, माझ्यात बस."

"तुला चटका बसेल की."

"बसला तर बसला. आधी खाली राख पसर."

मडकी राखेवर, राख दुरडीत. कण्या सांडल्या नाहीत. तुंबा वाकड्या मानेनं पाणी आणून तिच्यात ओतू लागला, आणि तुंब्याला टेकायला मडकीची कड मिळाली. तिघांची जात वेगळी, माती वेगळी, दुखणं वेगळं. पण एकमेकांना विचारून त्यांचं बरं चाललं होतं. तुंबा चेष्टेनं म्हणायचा, "आपण तिघं मिळून एक भांडं आहोत. चार बोटं बुडाचं."

पंधरवड्यानं भट्टी लागली. भाता फुसफुसला, नवसागराचा पांढरा धूर छपरापर्यंत गेला. पहिलं नाव दुरडीचं.

"मी बांबूची आहे," दुरडी म्हणाली. "यात घातलंत तर राख होईन."

"घाबरू नको पोरी," घंगाळ म्हणालं. "पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं."

"मला वाटत नाही. मी जळते."

पळीनं लिहिलं: मदत नाकारली. मदत नाकारणाऱ्याला ठेवायचं नाही, असा नियम होता. दुरडीला दार दाखवलं. दार उघडंच होतं, म्हणून ते सोपं गेलं.

पुढचं नाव मडकीचं. तुंबा कानाशी येऊन म्हणाला, "जाऊ नको. माती कथील धरत नाही. वाया जाशील."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"नाही म्हटलं तर मलाही काढतील. अंगणात सहाजण वाळतायत, तुंब्या."

ती भट्टीवर चढली. आगीचं तिला भय नव्हतं, तिचा जन्मच वणव्यातला. कथील फिरवलं, ते मण्यांसारखं गोळा होऊन घरंगळून गेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मग रीतीप्रमाणे सांडशीनं उचलून तिला लालभडक तशीच गार पाण्यात बुडवली. तांब्याला ते चालतं.

आवाज फार मोठा झाला नाही.

घंगाळाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. ते म्हणालं, "आम्ही काही कमी केलं नाही. एवढं कथील तर आमच्या पोरांनासुद्धा लावत नाही." फळीवरून कुणी म्हणालं, मातीच तशी. तुंबा आपलं नाव पुकारायच्या आत निघून गेला. पळीनं लिहिलं: आवड नव्हती.

मडकीचा मोठा तुकडा, पसरट खापर, तेवढा उरला. तो फेकणार होते, पण त्याचा एक उपयोग निघाला. सकाळी मोठ्या चुलीतला विस्तव उचलून चौकापलीकडच्या, आतल्याच न्हाणीघराच्या चुलीत न्यावा लागे. तांब्यात निखारे घेतले तर तांबं तापे आणि कल्हई वितळून जाई. खापराला काही होत नसे. तेव्हापासून तो विस्तव रोज मडकीच्या अंगावरून जाऊ लागला. चौकातून, दारासमोरून, या चुलीतून त्या चुलीत. गोल होती तेव्हा गडगडत का होईना, ती कुठंही गेली असती. खापर गडगडत नाही.

उन्हाळा संपला. भिंतीवर टिकलेल्यांची नावं लागली, त्यात मडकीचंही होतं. पाहुण्यांना मुद्दाम दाखवलं. खापरानं पळीला विचारलं, "टिकले, तर मग माझा विस्तव?"

"विस्तव भांड्याला मिळतो," पळी म्हणाली. "तू भांडं कुठं आहेस?"

दोन दिवसांनी सकाळी खापर निखारे घेऊन चौकातून चाललं होतं. बाहेर रात्रभर कोसळून नुकतं उघडलं होतं. उघड्या दाराच्या उंबऱ्याखालून तांबड्या गढूळ पाण्याचा एक ओघळ आत आला आणि काळ्या फरशीवर सावकाश पसरत खापराच्या वाटेत येऊन थांबला. त्यात बारीक गवताच्या काड्या होत्या, ओल्या मडक्याला चीर पडू नये म्हणून वस्तीत मातीत मळतात तशा.

खापरावरचे निखारे लाल होते.

"अगं, कुणीतरी बघा ते," घंगाळ म्हणालं. पळीनं कोपऱ्यातल्या चिंध्या आणल्या, त्यांचा गोल वेढा केला आणि फरशी पुसून घेतली.