सारवलेल्या अंगणातला सोनचाफा

किती वर्षं झाली ते विचारू नका, विचारलंत तरी मला सांगता यायचं नाही. पण पुष्कळ पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात भिवराबाई राहत होती. तिच्या अंगणासारखं अंगण पंचक्रोशीत नव्हतं. रोज झाडायचं, दिवसाआड शेणाने सारवायचं. झाडावरून पान सुटलं की बाई खराटा घेऊन खाली उभीच!

भिवराबाईने एकुलत्या एका मुलाचं लग्न केलं. सून आली वर डोंगरातल्या पाड्यावरची. नाव धुरपा. त्या पाड्यावर एक रीत होती. सासरी जाणारी मुलगी माहेरच्या परसातलं सोनचाफ्याचं रोप बरोबर नेते आणि सासरच्या अंगणात लावते. धुरपानेही लावलं. घराची सावली पडेल अशी जागा पाहिली, खड्डा खणला, रोप बसवलं आणि त्याभोवती वाळका पाला पसरला.

"अगंबाई, हा काय कचरा!" भिवराबाईने खराटा उचलला.

"राहू द्या ना, आत्याबाई. त्याला लागतो तो."

"झाडाला पाणी लागतं. पाला कशाला लागतोय? लोक म्हणतील, सून आली आणि भिवराचा उकिरडा झाला."

पाला गेला. आता तुम्ही म्हणाल, सासू खाष्ट होती. छे हो! बाईचा त्या रोपावर भारी जीव. रोज दोन घागरी पाणी घाली, सणाला हळदकुंकू वाही. आणि मायेनेच खोडाला टेकेपर्यंत जमीन चोपून गुळगुळीत सारवी.

सुनेवरही तशीच माया. पानात पहिलं तूप धुरपाला. पण धुरपाने रानातल्या बिया आणून वळचणीला टांगल्या, त्या भिवराबाईने फेकल्या. धुरपा दळताना डोंगरातली गाणी मोठ्याने म्हणे, ती थांबवून आपली शिकवली. अंबाडा बांधायची तिची तऱ्हासुद्धा बदलली. सगळं पोरीच्या भल्यासाठीच हं!

थंडी सरली तशी चाफ्याची पानं कडेने करपली. घातलेलं पाणी कडक सारवणावरून ओघळून गटारात जाई. इकडे धुरपाही मिटत चालली. गाणं नाही, हसणं नाही.

एका दुपारी भिवराबाई गोठ्यात होती. कुडापलीकडे धुरपा नवऱ्याशी बोलत होती. "परवा दादा न्यायला येतोय. मी गेले की परत यायची नाही. राग तुमच्यावर नाही, आत्याबाईंवरही नाही. पण या घरात माझं म्हणून काही उरलंच नाही. तो चाफा चाललाय, तशी मीही चालले."

भिवराबाईने ते सगळं ऐकलं. लेक नव्हती तिला. ही पोर गेली तर घरात उरायचं काय?

पण बाई हार मानणारी नव्हे. "झाड सुकलं म्हणून रुसलीय," तिने ठरवलं. "दुसरं आणून त्याच जागी लावते. कळायचंही नाही तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती टोपली आणि खुरपं घेऊन डोंगर चढली. रानात मोठ्या झाडांच्या सावलीत सोनचाफ्याची रोपं उभी होती, कशी टवटवीत! भिवराबाई एका रोपाशी बसली आणि सवयीने आधी त्याच्या बुडातला पाला दूर सारू लागली.

तोच सातभाई पक्ष्यांचा थवा कलकलाट करत खाली उतरला. "ए बाई! आमच्या घरात झाडलोट कसली करतेस?"

"रोपाभोवती केवढी घाण साचलीय, दिसत नाही?"

"घाण?" त्यांतला थोरला म्हणाला. "हात घालून बघ जरा."

भिवराबाईने नाक मुरडत हात घातला. वर पाला कुरकुरीत. खाली ओलसर. त्याच्याही खाली काळी, मऊ, गार माती आणि तिच्यात केसासारखी पांढरी मुळं. चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता!

"याला पाणी कोण घालतं रे?"

"कोणी नाही. त्याचीच पानं त्याला पांघरूण होतात, त्यांचीच माती होते. ते काढून घे आणि मग घागरी ओत नाहीतर दूध ओत, काही उपयोग नाही."

भिवराबाईने मूठभर माती उचलून पाहिली. आधी अंगणातला चाफा आठवला. मग बिया आठवल्या, गाणी आठवली, तो अंबाडा आठवला. "अरे देवा, मी पोरीलाही असंच झाडून काढलं," ती म्हणाली आणि हमसून रडली. सातभाईसुद्धा गप्प झाले, आणि सातभाई गप्प होणं म्हणजे काय ते ज्याने त्यांना ऐकलंय त्यालाच कळेल.

तिने रोप घेतलंच नाही. टोपलीभर पाला घेतला आणि भर दुपारी गावातून चालत निघाली.

विहिरीवरच्या बाया खिदळल्या. "भिवराबाई, कचरा बाहेर टाकायचा सोडून घरात नेताय?"

"नेतेय!" ती थांबली नाही.

घरी येऊन तिने चाफ्याभोवतीचं सारवण हलक्या हाताने फोडलं आणि पाला पसरला. धुरपा दारातून बघत होती.

"आत्याबाई, तुमचं अंगण..."

"मी चुकले गं," भिवराबाई म्हणाली. "झाडाच्या बाबतीत चुकले, तुझ्या बाबतीत त्याहून चुकले. उद्या तू जा. परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही आलीस तरी याला पाला मी घालीन."

धुरपा पुढे आली. वाकून तिने खोडाला भिडलेला पाला चार बोटं मागे सारला. "खोडाला चिकटवायचा नसतो," ती म्हणाली. "कुजतं ते."

"असं होय? बरं झालं सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी धुरपा माहेरी गेली. महिना लोटला. चाफ्याची उरलेली पानंही गळली. शेजारीण म्हणाली, उपटा आता. भिवराबाईने ऐकलं नाही. गळलेलं पान तिथंच राहू दिलं, पाणी बेताने घातलं, आणि रोज पाड्याच्या वाटेकडे बघितलं.

ऐन उन्हाळ्यात शेंड्याला हिरवा कोंब आला. त्यानंतर चार दिवसांनी, कोणी बोलावलं नसताना, धुरपा आली. बोचकं ओसरीवर टाकून आधी चाफ्याशी उकिडवी बसली, पाल्यात हात घातला.

"ओल आहे, आत्याबाई!"

"असणारच. तू सांगितलंस तसंच करतेय," भिवराबाई म्हणाली आणि डोळे पुसत पाणी आणायला आत गेली.

चाफा पुढे घराच्या आढ्यावर गेला. त्याच्या फुलांचा वास वेशीपर्यंत जाई. त्या गावात अजूनही अंगणं सारवतात, पण झाडाभोवती हातभर जागा पाल्यासाठी सोडतात. आणि नवी सून आली की घरातली म्हातारी तिला आधी विचारते, "तुमच्याकडे कसं करतात गं?"

म्हणून मंडळी, ध्यानात ठेवा: ज्याला आपल्या अंगणात रुजवायचं, त्याला त्याच्या पानापाचोळ्यासकट आपलं म्हणावं.