कमानीमागची बाग

वाढत्या निंबगाव उपनगरात मुलांना खेळायला जागा नव्हती. बागेचा सगळा निधी नगरसेवक भाऊसाहेब ढमढेरे यांनी वडिलांच्या नावाच्या भव्य कमानीवर उधळला. कमानीमागे नुसते दगडगोटे. उद्घाटनाला निवृत्त बालवाडी शिक्षिका कुमुदिनीबाईंना बोलावलं.

मुलांनी विचारलं, "झोके कुठायत?"

भाऊसाहेब हसले. "बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा!"

हिरमुसलेली मुलं पाहून बाईंचं मन कळवळलं. त्यांनी कात्री तबकात परत ठेवली.

"भाऊसाहेब, कल्पना करा, फीत कापली. टाळ्या आम्ही मनातच वाजवल्या. निवडणुकीत मतंही तशीच देऊ!"

लोक खो खो हसले. दिवाळीआधी झोके आले. प्रत्येकावर भाऊसाहेबांचं नाव होतं, पण झोके घेताना ते वाचायला मुलांना सवड कुठे?